एमजी विका, पण या जुलैत नको

बडोद्याच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय ५८, मकरपुऱ्यात छोटं इंजिनिअरिंग वर्कशॉप. २००९ साली त्यांनी १९५१ची एमजी टीडी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार भंगाराच्या अवस्थेत साडेचार लाखांना घेतली आणि २०१६पर्यंत आणखी ११ लाख घालून उभी केली. मूळ इंजिनाचं काम लांबत गेलं म्हणून ॲम्बेसेडरचं इंजिन बसवलं, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक लावले. आता मुलीला परदेशात एमएससाठी प्रवेश मिळालाय. एकूण १८ लाख लागतील, त्यातले ८ लाख जुलैपर्यंत. मुंबईचं एक गिऱ्हाईक २१ लाख द्यायला तयार आहे, निम्मे रोख. ‘गाडी विकू की कर्ज काढू?’

नमस्कार,

दोन्ही करा. आधी कर्ज, मग विक्री.

साडेपंधरा लाख घातले, वर दरवर्षी साठ हजारांची देखभाल आणि विमा, मग २१ लाखांत परवडतं कसं, असं तुम्ही लिहिता. परवडत नाहीच. पण गिऱ्हाईक तुमची बिलं बघून भाव ठरवत नसतो, त्यामुळे तो हिशेब मी बाजूला ठेवतो. मला पुढचा हिशेब महत्त्वाचा वाटतो. २१ लाखांवर बँकेत वर्षाला साधारण १ लाख ४० हजार व्याज मिळेल, ते गाडीपायी सुटतं. त्यात साठ हजार मिळवा, झाले दोन लाख. तुम्ही वर्षातून चारदा पावागढच्या पायथ्यापर्यंत जाऊन येता. म्हणजे एक फेरी पन्नास हजारांची! हौसेला मोल नसतं हे मान्य, पण मुलीची फी समोर असताना ते मोल निदान ठाऊक तरी असावं.

भाव पुढे खूप वाढेल या आशेवरही थांबू नका. टीडी १९५० ते १९५३ या काळात जवळपास ३० हजार बनल्या, त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. आपल्याकडे त्या मोजक्याच दिसतात, पण जगात दुर्मीळ नाहीत. (आणि शेजारी हालोलला एमजीचा कारखाना आहे म्हणून नावाला भाव चढेल, हा तुमच्या मेहुण्यांचा तर्क सोडून द्या. तुमची गाडी इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनची. हालोलच्या गाडीशी तिचं नातं आडनावापुरतं.)

आता खरी अडचण. आरसीवर अजून जुन्याच इंजिनाचा नंबर आहे, हे तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय. मी तिथेच थांबलो. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. ती नसेल तर नाव बदलून देताना तपासणीत गाडी अडकेल, आणि उद्या अपघात झाला तर विमा कंपनीलाही आयतं निमित्त मिळेल. ॲम्बेसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन एमजीच्याच घराण्यातलं, पुढे एमजीच्या ‘एमजीए’ या मॉडेलमध्येही तेच होतं, हे तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. पण आरटीओ घराणं बघत नाही, नंबर बघतो.

शिवाय २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपुढच्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करून ‘व्हीए’ मालिकेतला नंबर मिळवायचा, तर चासी, बॉडी आणि इंजिनात बदल झालेला चालत नाही. तुम्ही स्वतः ती नोंदणी करू नका. त्या नंबरावर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, रॅली-प्रदर्शनापुरतीच काढता येते. पण संग्राहक गिऱ्हाइकाला ती वाट मोकळी हवी असते. इंजिनाचं ऐकल्यावर मुंबईवाल्यांनी २६चे २१ केले, ते उगाच नव्हे.

तुमच्या नशिबानं मूळ १२५० सीसीचं इंजिन आणि गिअरबॉक्स शेडमध्ये पोत्याखाली आहेत. ते बांधून परत बसवायला मिस्त्रींनी पावणेतीन लाख सांगितलेत. जुलैची फी शैक्षणिक कर्जातून भरा. ८ लाखांवर दहा टक्क्यांनी आठ महिन्यांचं व्याज ५३ हजारांच्या आसपास होईल. म्हणजे खर्च सव्वातीन लाखांच्या थोडा वर. गाडी २६ला गेली तर पावणेदोन लाख सुटतील. २४ला गेली तर पंचवीस-तीस हजार खिशातून जातील. तरीही मी हाच मार्ग धरीन, कारण कागद आणि गाडी जुळल्यावर गिऱ्हाईक एकाचे चार होतात. डिस्क ब्रेक राहू द्या. जुने ड्रम ब्रेक मात्र फेकले नसतील तर गाडीबरोबर द्या.

विक्री थंडीत करा. हौशी लोक त्याच दिवसांत गाड्या बघत हिंडतात. आपल्या लक्ष्मी विलास पॅलेसवर जुन्या गाड्यांचा मोठा मेळा भरला तोही २०२३च्या जानेवारीत. पैसे आले की कर्ज फेडून टाका. बदलत्या व्याजदराच्या शैक्षणिक कर्जाला मुदतीआधी फेडल्याचा दंड नसतो. परदेशी फी पाठवताना वर्षाला १० लाखांपुढच्या रकमेवर बँक टीसीएस (पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर) कापते, पण बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या पैशावर तो लागत नाही, हाही एक फायदा.

निम्मे रोख? स्पष्ट नाही म्हणा. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्याच्या माथी बसतो. देणारा मुंबईला निघून जाईल.

कराचं एक टोचतंय. स्वतःच्या वापरातली मोटार ही वैयक्तिक वस्तू धरली जाते, तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नसतो. पण सुट्या भागांची चार लाखांची बिलं तुम्ही वर्कशॉपच्या खर्चात दाखवलीत. मग गाडी घरची की धंद्याची, हा प्रश्न कुणीही विचारू शकतो. त्यातून गाडीवर घसारा घेतला असेल तर ‘घरची’ म्हणायची सोयच राहत नाही. विक्रीआधी सीएंपुढे सगळ्या वह्या ठेवा, निवडक नव्हे.

येत्या रविवारी मात्र एक काम करा. पोतं काढून जुन्या इंजिनावरची अष्टकोनी पितळी पट्टी शोधा आणि तिच्यावरचा नंबर आरसीशी ताडून पाहा. पट्टी पडून गेली असेल किंवा नंबर जुळत नसेल, तर मिस्त्रींना ॲडव्हान्स देऊ नका. वरचा निम्मा सल्ला बदलेल. मला फोटोसकट पुन्हा लिहा.