लेक किरणांच्या कामात जाते म्हणते

लासलगावच्या बाजूच्या एका आईचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: "मुलगी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय फिजिक्स. पुढे एमएस्सी करून कॅन्सरच्या हॉस्पिटलात रेडिएशनचं काम करायचं म्हणते. सासूबाई म्हणतात, किरणांच्या कामातल्या बाईला मूलबाळ होत नाही, लग्नही जमणार नाही. मिस्टर काहीच बोलत नाहीत. सासूबाईंच्या गुडघ्याचा एक्स-रे काढायचाय, तर त्या त्यालाही नको म्हणतात. मी नोकरी करत नाही, मला यातलं काही कळत नाही. लेकीला अडवू की जाऊ देऊ?"

ताई, सप्रेम नमस्कार.

आधी सासूबाईंबद्दल. त्यांची भीती वेडगळ नाही. रेडिएशननं माणसाला इजा होते, हे खरंच आहे. 1895 साली राँटगेननं एक्स-रे शोधले आणि त्यानंतरची कित्येक वर्षं लोकांनी ते उघड्या हातांनी हाताळले. बोटं भाजली, कॅन्सर झाले, माणसं दगावली. रेडियम शोधणाऱ्या मेरी क्युरी 1934 मध्ये रक्ताच्या आजारानं गेल्या. किरण डोळ्यांना दिसत नाहीत, वास नाही, चटका नाही. अशा गोष्टीला घरातल्या मोठ्या माणसानं घाबरू नये तर कशाला घाबरावं? प्रश्न आहे तो किती रेडिएशनला किती घाबरायचं, एवढाच. आणि तुमच्या लेकीला ज्या कामात जायचंय, तिथे नेमकं हेच 'किती' दिवसभर मोजलं जातं.

तुमच्या भागातलंच उदाहरण घेते. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्रानं 2002 साली उभारलेला 'कृषक' प्रकल्प तुम्हाला ठाऊक असेल. तिथे कोबाल्ट-60 या किरणोत्सारी धातूच्या गॅमा किरणांखालून कांदा नेतात, म्हणजे साठवणुकीत त्याला कोंब फुटत नाहीत. 2007 मध्ये अमेरिकेला गेलेला आपला आंबाही तिथूनच किरण घेऊन गेला होता. कांद्याला जेवढा डोस देतात, तेवढा माणसाला एकदम अंगभर मिळाला तर माणूस वाचणार नाही. आणि तोच कांदा तुम्ही संध्याकाळी भाजीत चिरून घातला, तर कुणाला काही होत नाही. किरण कांद्यातून आरपार गेले, जाता जाता कोंबाच्या पेशींचं काम बिघडवून गेले, मागे काही उरलं नाही. चुलीवर भाकरी भाजली म्हणून भाकरी काही चूल होत नाही. एक्स-रे मशीनचंही तेच. बटण सोडलं की किरण संपले. खोलीत, गादीवर, कपड्यांवर काही राहत नाही. लेक हॉस्पिटलातून घरी येईल ती 'किरण घेऊन' येणार नाही.

न्यूक्लिअर मेडिसिन विभागाचं मात्र वेगळं. तिथे पेशंटला किरणोत्सारी औषधच देतात, ते सांडू शकतं, हाताला लागू शकतं. म्हणून तिथले हातमोजे, कचरा, पेशंटचं स्वच्छतागृह, सगळ्याचे नियम निराळे.

आता मूलबाळाचं, कारण पत्रातली खरी काळजी तीच दिसते. भारतात या कामावर लक्ष ठेवायला अणुऊर्जा नियामक मंडळ आहे, 1983 पासून. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्याला एईआरबी म्हणतात. त्यांच्या नियमाप्रमाणे रेडिएशनमध्ये काम करणाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला 20 मिलिसिव्हर्टपेक्षा (हे अंगाला मिळालेल्या किरणांचं माप) जास्त डोस मिळता कामा नये, आणि कुठल्याही एका वर्षात 30 च्या वर तर नाहीच. अंदाज यावा म्हणून सांगते: जमीन, हवा, अन्न आणि आकाश यांतून जगातल्या माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट तसेही मिळतातच. छातीच्या एका एक्स-रेला एक दशांश मिलिसिव्हर्टही लागत नाही. आणि स्त्रीच्या बीजकोशावर कायमचा परिणाम व्हायला अडीच हजार मिलिसिव्हर्टच्या पुढचा डोस लागतो. लेकीला जायचंय त्या रेडिओथेरपीत, म्हणजे किरणांनी कॅन्सरवर उपचार करतात तिथे, बहुतेक फिजिसिस्ट लोकांची वर्षाची बेरीज एक मिलिसिव्हर्टच्या आतच असते. हिरोशिमा-नागासाकीत बॉम्बमधून वाचलेल्या लोकांना नंतर झालेल्या मुलांचा कित्येक दशकं अभ्यास झाला. त्या मुलांमध्ये आनुवंशिक दोष वाढल्याचं आढळलं नाही.

गरोदरपणाचा नियम वेगळा आणि कडक आहे. बाईनं कळवलं की तिथून बाळंतपणापर्यंत पोटातल्या बाळाला 1 मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त डोस जाऊ द्यायचा नाही. त्यासाठी तिचं काम बदलून देतात, तिला काढून टाकायचं नसतं. लेकीला हे आजच सांगून ठेवा: दिवस गेल्याचं कळलं की लाजू नको, लपवू नको, त्याच आठवड्यात लेखी कळव.

या कामात मला भीती वाटते ती सवयीची. विद्यार्थ्यांना घेऊन मी बऱ्याच ठिकाणी जाते. एकदा एका गावातल्या छोट्या एक्स-रे सेंटरमध्ये गेलो होतो. भिंतीला खिळा, खिळ्याला शिशाचा एप्रन, आणि एप्रनलाच अडकवलेला टीएलडी बॅज. तंत्रज्ञ नुसत्या शर्टात फोटो काढत होता. हा बॅज म्हणजे काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा प्लॅस्टिकचा डबा. आत एका पट्टीवर तीन चकत्या असतात, एक धातूच्या आड, एक प्लॅस्टिकच्या आड, एक उघडी. किरण पडले की चकतीत ऊर्जा साठते. तीन महिन्यांनी बॅज प्रयोगशाळेत जातो, तिथे चकती तापवतात, ती मंद उजळते, आणि त्या उजेडावरून डोस काढतात. बॅज छातीवर लावायचा, एप्रन असेल तर एप्रनच्या आत. तो खिळ्यावर राहिला तर भिंतीचा डोस मोजला जातो, माणसाचा नाही. त्या दिवशी मी त्या तंत्रज्ञाला नुसतं "बॅज लावा की" म्हणाले आणि निघून आले. अजून बोलायला हवं होतं, हे आजही टोचतं.

दिल्लीच्या मायापुरीत 2010 मध्ये काय झालं, ते लेकीला वाचायला सांगा. एका विद्यापीठाचं जुनं यंत्र भंगारात विकलं गेलं, आत कोबाल्ट-60 होतं, भंगारवाल्यांनी ते उघडलं. माणसं आजारी पडली, एक जण गेला. त्या सगळ्या साखळीत एकाही माणसानं हातात किरण मोजायचं मीटर धरून पाहिलं नाही. त्या मीटरवाल्या माणसाची जागा तुमच्या लेकीला घ्यायची आहे.

तिचं रोजचं काम कसं असेल? लिनॅक म्हणून मोठं मशीन असतं, त्यातून गाठीवर किरण सोडतात. खोलीच्या भिंती काँक्रीटच्या, हातभर नव्हे, त्याहून जाड. आत जायचा बोळ मुद्दाम वळणाचा ठेवलेला, कारण किरण सरळ जातात, वळणावर भिंतीला आपटून क्षीण होतात. दारावर लाल दिवा, आणि दार उघडलं की किरण आपोआप बंद. सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी फिजिसिस्ट मशीनचा डोस तपासते. महिन्या-वर्षाच्या मोठ्या तपासण्या बऱ्याचदा शेवटचा पेशंट गेल्यावर होतात: पाण्यानं भरलेली काचेसारखी टाकी मशीनखाली ठेवायची, तीत डोस मोजणारा, बोटाच्या पेराएवढा चेंबर बुडवायचा, आणि किती खोलीवर किती डोस पोचतो ते टिपत बसायचं. रात्रीचे नऊ वाजतात. कारण इथे दोन-चार टक्क्यांची चूक म्हणजे कुणाच्या तरी आईच्या गाठीला कमी किंवा मणक्याला जास्त. मला या कामाबद्दल फार आदर आहे, म्हणून एवढं लांबलं.

रस्ता असा. फिजिक्समध्ये बीएस्सी, मग फिजिक्समध्येच एमएस्सी, गुण 60 टक्क्यांच्या वर. त्यानंतर भाभा अणुसंशोधन केंद्राचा एक वर्षाचा डिपआरपी, म्हणजे रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा. तो 1962 पासून चालू आहे, प्रवेश परीक्षा कठीण, जागा थोड्या. मग एखाद्या मान्यताप्राप्त हॉस्पिटलात वर्षभराची इंटर्नशिप. पुढे रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसरची पात्रता. 2004 च्या नियमांप्रमाणे रेडिएशनचं काम चालतं अशा प्रत्येक ठिकाणी सुरक्षेवर लक्ष ठेवणारा हा अधिकारी लागतोच. वयाची आणि गुणांची अट त्या वर्षीच्या जाहिरातीत बघा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. मेडिकल फिजिक्सची एमएस्सी देणाऱ्या संस्थाही आहेत. पण फी भरायच्या आधी एकच प्रश्न विचारायचा: हा कोर्स एईआरबीच्या मान्य यादीत आहे का? उत्तर गोलगोल आलं तर उठून यायचं. नोकऱ्या बहुतेक नाशिक, पुणे, मुंबईसारख्या शहरांत, हेही धरून चाला.

आणखी एक. लेक या कामात का जायचं म्हणते, हे तुम्ही तिला विचारलंय का? पत्रात तेवढं एकच नाही. घरात कुणाचं आजारपण तिनं जवळून पाहिलं असेल, किंवा नुसती मैत्रीण चालली म्हणून हीही निघाली असेल. हट्ट कशातून आलाय हे मला कळलं तर पुढचं नीट सांगता येईल.

सासूबाईंचा एक्स-रे टाळू नका. लेकीलाच बरोबर पाठवा. दारावर लाल दिवा लागतो का, तंत्रज्ञाच्या छातीवर बॅज आहे का, एईआरबीचा परवाना भिंतीवर दिसतो का, बटण दाबताना तो काचेआड जातो का, आजीचा हात धरून उभं राहायची वेळ आली तर एप्रन देतो का, हे तिनं बघून घ्यावं. काही खटकलं तर तिथल्या तिथे नम्रपणे विचारावं. मग तिनं स्वतःच्या हातानं मला पत्र लिहावं, काय दिसलं आणि काय विचारलं ते.