वाचकांचे प्रश्न : थंडीपूर्वी मत्स्यतळ्याची तयारी

प्रश्न : आमच्या द्राक्षबागेला लागून ३० × ३० × ३ मीटरचे, प्लॅस्टिकचा कागद अंथरलेले शेततळे आहे. त्यात रोहू, कटला आणि थोडे तिलापिया मिळून सुमारे ८०० मासे असून त्यांचे सरासरी वजन ३०० ग्रॅम भरते. गेल्या जानेवारीत थंडीची लाट आली, तेव्हा तळ्यात मीटरभरच पाणी होते. त्या वेळी बरेच तिलापिया मरून तरंगले आणि इतर माशांनी खाणे सोडले. यंदा थंडीत खाद्य वाढवावे का, आणि तळे झाकावे का? — एक बागायतदार, निफाड

उत्तर : नुकसानीचे मूळ आपल्याच पत्रात आहे, ते म्हणजे तळ्यात उरलेले मीटरभर पाणी. रात्री तळ्याची उष्णता मुख्यतः पृष्ठभागातून निघून जाते. पृष्ठभागाखाली पाणी जितके कमी, तितके ते लवकर गार होते. काठांचा उतार धरून हिशेब केला, तर भरलेल्या तळ्यापेक्षा मीटरभर पाण्याचे तापमान त्याच रात्रीत अडीच पटींहून अधिक घसरते. वरचे गार झालेले पाणी जड होऊन खाली बसत असल्याने माशांना तळाशीही ऊब मिळत नाही. बाग आणि मासे एकाच पाण्यावर अवलंबून असल्यामुळे ऑक्टोबर छाटणीनंतर बागेला पाणी लागते आणि तळ्याची पातळी नेमकी थंडीच्या तोंडावर खाली जाते. माझ्या मते डिसेंबर-जानेवारीत बागेला शक्य तितके पाणी विहिरीचे द्यावे आणि तळ्याची पातळी २ मीटरच्या खाली जाऊ देऊ नये. शेततळ्यातील साठ्याची खरी गरज तसेही एप्रिल-मेमध्येच भासते.

तिलापिया हा मूळचा उष्ण प्रदेशातला मासा आहे. पाणी १६-१७ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की तो खाणे सोडतो आणि १०-११ अंशांच्या आसपास मरू लागतो. म्हणून विक्रीजोगे तिलापिया नोव्हेंबरमध्येच काढून घ्यावेत. रोहू आणि कटला त्याच्यापेक्षा थोडे काटक असले, तरी १४ अंशांच्या खाली त्यांचीही वाढ थांबते आणि प्रतिकारशक्ती मंदावते. पुढच्या वर्षी बीज सोडताना त्यात सायप्रिनस (कॉमन कार्प) वाढवण्याचा विचार अवश्य करावा, कारण हा मासा युरोपातील गोठणाऱ्या तळ्यांतही हिवाळा काढतो.

खाद्य वाढवू नये, उलट कमी करावे. माशाचे शरीर पाण्याइतकेच गार होत असल्यामुळे थंडीत त्याचे पचन मंदावते आणि न खाल्लेली पेंड तळाशी कुजून पाण्यातील प्राणवायू संपवते. आपल्या ८०० माशांचे एकूण वजन २४० किलो होते. एरवी त्याच्या २ टक्के, म्हणजे रोज ४.८ किलो खाद्य लागत असेल, तर पाणी २० अंशांच्या खाली गेल्यावर ते निम्मे करावे, उन्हे वर आल्यावर दुपारी १२ ते २ च्या दरम्यान द्यावे आणि १५ अंशांच्या खाली पूर्ण बंद ठेवावे. हा निर्णय हवेच्या तापमानावरून घेऊ नये. साधा थर्मामीटर दोरीला बांधून मीटरभर खोल सोडावा आणि सकाळी ७ वाजता नोंद घ्यावी. दोनशे-तीनशे रुपयांची ही वस्तू फार मोठे नुकसान टाळते.

एवढे मोठे तळे झाकणे खर्चाचे आहे, आणि दिवसा आच्छादन तसेच राहिले तर पाण्याला ऊनही मिळत नाही. त्यापेक्षा आपल्याकडे चांगली विंधन विहीर असेल, तर तिचा उपयोग करावा. दव गोठण्याच्या भीतीने आपण पहाटे बागेला पाणी देता, त्यामागचे कारण इथेही लागू पडते: भूजल हिवाळ्यातही कोमट असते. मात्र त्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून ते थेट तळाशी न सोडता उंचावरून तुषारांच्या रूपात पडू द्यावे.

थंडीत माशांच्या अंगावर लाल चट्टे व जखमा दिसू लागल्या, तर ते बुरशीजन्य व्रणरोगाचे लक्षण असू शकते. असा मासा आढळताच मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांना दाखवावा. पाण्याचा सामू (पीएच) न तपासता चुना टाकू नये. जाळेही थंड पहाटे ओढू नये, कारण खवले निघालेल्या जागी बुरशी लवकर शिरते.

प्रश्न : मुलाच्या घरी, न्यू जर्सीत, अंगणात साडेतीन फूट खोल तळे असून त्यात नऊ कोई मासे आहेत. जानेवारीत वर बर्फ जमतो. तो फोडावा का? — एक वाचक

उत्तर : कृपया फोडू नये. हातोड्याच्या आघाताने निर्माण होणारी दाबलहर सुस्तावलेल्या माशांना इजा करते. गरम पाण्याचे पातेले बर्फावर ठेवून भोक पाडावे, किंवा तरंगता हीटर लावून एक जागा कायम उघडी ठेवावी, कारण झाकलेल्या पाण्यात कुजणाऱ्या पानांचे वायू कोंडतात. त्यासाठी पानगळ सुरू होताच तळ्यावर जाळी ताणून साठलेला पाला काढणे आवश्यक आहे.

निफाडच्या तळ्याहून आपल्या तळ्याची गोष्ट इथे वेगळी होते. पाणी ४ अंशांवर सर्वांत जड असते, म्हणून त्याहून गार पाणी वर राहून गोठते आणि तळाशी ४ अंशांचा थर उरतो. कोई तिथेच हिवाळा काढतात. तळाशी पंप चालू राहिला तर हा थर ढवळला जातो, म्हणून हवेचा दगड (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) किंवा पंप निम्म्या खोलीवर, काठाजवळ उचलून ठेवावा. पाणी १५ ते १० अंशांच्या दरम्यान असताना गव्हाच्या अंकुराचे सुपाच्य खाद्य थोडे द्यावे, आणि १० अंशांच्या खाली काहीच देऊ नये. फेब्रुवारीत एखाद्या उबदार दुपारी मासे वर येऊन तोंड उघडू लागले, तरी पाणी सलग आठवडाभर १० अंशांच्या वर टिकेपर्यंत हात आवरावा.