मुलाची पोटगी कशी ठरते, थकली तर वसूल कशी करायची आणि वाढवून मिळते का?

तुम्ही लिहिलंय की घटस्फोट २०२० साली झाला, मुलगा आता नऊ वर्षांचा आहे, त्याच्यासाठी दरमहा ५,००० रुपये ठरले होते आणि गेले दहा महिने काहीच आलेलं नाही. तुम्हाला वीस हजारांची नोकरी लागली म्हणून ‘आता तूच बघ’ असं मुलाच्या बापाचं म्हणणं, वर ‘मुलाला भेटू देत नाहीस, मग पैसे कशाला देऊ’ हेही. मी कौटुंबिक न्यायालयात वकिली करते, त्यामुळे सविस्तर लिहिते. पण आधी जे घाईचं आहे ते.

थकबाकीच्या वसुलीला एक वर्षाची मर्यादा असते. तुमचा आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली झाला असेल, तर प्रत्येक हप्ता ज्या तारखेला देय झाला तिथून वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज दाखल व्हावा लागतो. (१ जुलै २०२४ पासून या कलमाच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलंय. जुने आदेश रद्द झालेले नाहीत.) तुमचा पहिला थकलेला हप्ता दोन महिन्यांत या मुदतीबाहेर जाईल, त्यानंतर दर महिन्याला एकेक. अर्ज वेळेत पडला, की तो चालू असताना पुढे थकणारे महिनेही त्याच अर्जात मागता येतात. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये शांता विरुद्ध शिवनंजप्पा या प्रकरणात हे सांगितलंय. मुदत उलटली म्हणून पैसे बुडाले असंही नाही. पूनगोडी प्रकरणात २०१३ साली याच न्यायालयाने म्हटलंय की तुमचा हक्क शिल्लक राहतो, फक्त तो मग दिवाणी मार्गाने मागावा लागतो. पण तो रस्ता लांबचा आहे. ‘देईल हो, जरा धीर धर’ असं घरातली मोठी माणसं सांगतात आणि बायका वर्ष वर्ष थांबतात, याचं मला फार वाईट वाटतं. थांबू नका.

पोटगी घटस्फोटाच्या हुकूमनाम्यातच, म्हणजे हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली ठरली असेल, तर वर्षाची ही अट लागत नाही. तिथे दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, करायची. म्हणून पहिलं काम हे की आदेशाची नक्कल काढा आणि तो कोणत्या कलमाखाली झालाय ते बघा. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या बायांना हे माहीत नसतं, कारण त्या वेळी कोणी नीट सांगितलेलंच नसतं.

आता हिशेबाचं. ‘पगाराच्या २५ टक्के मिळतात’, ‘एक तृतीयांश मिळतात’ असं तुम्ही ऐकलं असेल. आपल्या कायद्यात मुलांच्या पोटगीचा असा कुठलाही ठरीव टक्का नाही. अमेरिकेत राज्याराज्याचे तक्ते असतात, तसे इथे नाहीत. २५ टक्क्यांचा आकडा २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालातून लोकांच्या तोंडी बसला, आणि तो पत्नीच्या पोटगीबद्दल होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २००४ मध्ये कुटुंबाचं एकूण उत्पन्न वाटून घेण्याची एक पद्धत मांडली होती: कमावत्याला दोन हिस्से, बाकी प्रत्येकाला एकेक. युक्तिवादात तिचा उपयोग होतो, पण आपल्याकडच्या न्यायाधीशांवर ती बंधनकारक नाही.

आज जो निकाल प्रत्येक पोटगीच्या अर्जात पुढे येतो तो ४ नोव्हेंबर २०२० चा, रजनेश विरुद्ध नेहा. हे प्रकरण आपल्या नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेलं. त्यात मुलासाठी सप्टेंबर २०१३ पासून ५,००० आणि सप्टेंबर २०१५ पासून १०,००० रुपये ठरलेले होते. म्हणजे मूल वाढतं तसा खर्च वाढतो, हे खुद्द त्या आदेशातच धरलं होतं. या निकालाने तीन गोष्टी बदलल्या. दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता, कर्ज आणि खर्च यांचं ठरीव नमुन्यातलं शपथपत्र द्यावं लागतं. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, आदेशाच्या तारखेपासून नव्हे. आणि एकाच कारणासाठी दोन कायद्यांखाली पोटगी मागितली असेल तर आधीची रक्कम सांगायची, म्हणजे ती वळती करता येते.

त्या शपथपत्रातच तुमचं प्रकरण उभं राहतं किंवा पडतं. बापाची ऐपत आणि मुलाची गरज, हे दोन्ही कागदावर दिसावं लागतं. ‘महिन्याला पंधरा-वीस हजार लागतात’ असं मोघम लिहिलं की समोरचा वकील उलटतपासणीत एकेक रुपया विचारतो. म्हणून असा हिशेब मांडा. समजा शाळेची फी वर्षाला ४८,००० म्हणजे महिन्याला ४,०००, व्हॅनचे १,५००, शिकवणीचे १,२००, दूध-किराणा-डबा यांचा त्याचा वाटा ४,०००, कपडे आणि वह्या-पुस्तकं ८००, औषधपाणी १,०००. घरभाडं ९,००० असेल आणि घरात दोघंच असाल तर त्यातले ४,५०० मुलाचे. बायका भाडं आणि वीजबिल मुलाच्या खर्चात धरतच नाहीत, पण त्यालाही छप्पर लागतंच ना. बेरीज १७,०००. बापाच्या हातात ६०,००० येतात आणि तुमच्या २०,०००, असं धरलं तर उत्पन्नाचं प्रमाण तीनास एक. त्याचा वाटा १२,७५०, तुमचा ४,२५०. न्यायालय हाच आकडा देईल असं नाही, पण युक्तिवादाला पाया मिळतो. दोघंही कमावते असतील तर खर्च कमाईच्या प्रमाणात वाटावा, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली पद्मजा शर्मा प्रकरणात दोनास एक असं प्रमाण ठरवून दाखवलंय. म्हणून ‘तू कमावतेस’ एवढ्याने त्याची जबाबदारी संपत नाही. तुमची नोकरी तुमच्या स्वतःच्या पोटगीच्या आड येऊ शकते. मुलाच्या बाबतीत ती फक्त वाटणीचं प्रमाण बदलते. आणि रात्री ताप आला तर उशाशी बसणं, अभ्यास घेणं, शाळेच्या सभांना जाणं हे सगळं तुम्ही करताय. ते या बेरजेत कुठेच नाही, हे न्यायाधीशांसमोर जरूर म्हणा.

त्याच्या बाजूने बहुतेक वेळा काय येतं? पगाराच्या स्लिपवर घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, सोसायटीचं कर्ज असं सगळं कापून हातात चौदा हजार येतात असं दाखवलं जातं. आयकर आणि सक्तीचा भविष्यनिर्वाह निधी यांसारख्या कपाती साधारणपणे धरल्या जातात. स्वतःहून घेतलेल्या कर्जांचे हप्ते मुलाच्या आधी येत नाहीत, आणि हे ठासून मांडावं लागतं. दुसरा पवित्रा असतो नोकरी सोडल्याचा. धडधाकट माणसाने अंगमेहनत करूनही बायकोमुलांना पोसायला हवं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अंजू गर्ग प्रकरणात स्पष्ट म्हटलंय. धंदा असेल आणि उत्पन्न लपवलं जात असेल तर बँकेचे उतारे, आयकर विवरणपत्रं, गाडीची नोंदणी, मुलाच्या बापाने स्वतःच टाकलेले सहलींचे फोटो हे सगळं जोडा. मालकाकडून पगाराचा तपशील मागवायचा अर्जही करता येतो.

वसुलीकडे येऊ. कलम १२५ चा आदेश असेल तर अर्जानंतर त्याला नोटीस जाते. तरीही पैसे भरले नाहीत तर दंड वसूल करावा तसं वॉरंट निघतं, आणि त्यातूनही वसूल न झालेल्या हप्त्यांसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. मध्येच पैसे भरले तर सुटका. तुरुंगात जाऊन आला म्हणून रक्कम फिटत नाही. १९८९ च्या कुलदीप कौर निकालापासून हा मुद्दा मिटलेला आहे, तरी ‘मी आत जाऊन येईन, पण देणार नाही’ असं सांगणारे अजून भेटतात. नोकरदार असेल तर मला स्वतःला पगाराची जप्ती जास्त उपयोगाची वाटते. साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यात पगाराचा मोठा भाग जप्तीपासून सुरक्षित असतो, पण पोटगीच्या हुकूमनाम्यात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार फक्त एक तृतीयांश पगार सुरक्षित राहतो. पोटगीचा आदेश दिवाणी हुकूमनाम्यासारखा राबवता येतो, असं रजनेश निकालातही म्हटलंय. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली आदेश असेल तर कलम २० मध्ये मालकाला थेट पगारातून रक्कम द्यायला लावण्याची सोय आहे. यासाठी कंपनीचं पूर्ण नाव आणि पत्ता, बँक आणि शाखा एवढी माहिती आधी जमवा. पत्ता चुकीचा असला की न्यायालयाचा बेलिफ हात हलवत परत येतो आणि पुढची तारीख पडते.

मधल्या काळात त्याने थोडेफार दिले तर घ्या, पण रोख नको. बँकेतून किंवा यूपीआयने, कोणत्या महिन्याचे ते लिहून. ‘सर्व हिशेब पूर्ण’ अशा कुठल्याही कागदावर सही करू नका. वाढदिवसाला आणलेली सायकल म्हणजे पोटगी नव्हे.

रक्कम वाढवून मिळते का? मिळते. परिस्थिती बदलल्याचं दाखवावं लागतं. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जुन्या कलम १२७ च्या जागी आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४६ आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ मध्ये आणि हिंदू दत्तक व पोटगी कायद्याच्या कलम २५ मध्येही तशीच तरतूद आहे. २०२० मध्ये मुलगा शाळेतही नसेल. आज फी, व्हॅन, शिकवणी आहे. तेव्हाची त्याची पगार स्लिप आणि आजची, तेव्हाचा खर्च आणि आजचा, असं शेजारी शेजारी मांडा. परस्पर संमतीने घटस्फोट घेताना ‘यापुढे वाढ मागणार नाही’ असं लिहून दिलं असेल तरी धीर सोडू नका. आईने सोडलेला हक्क मुलाला बांधत नाही, कारण ही रक्कम मुळात त्याची आहे. वसुली आणि वाढ यांचे अर्ज वेगवेगळे करा आणि वाढीच्या निकालासाठी वसुली अडवून ठेवू नका. हाच नियम त्यालाही लागू आहे. खरोखरच नोकरी गेली असेल तर त्याने कमी करण्याचा अर्ज करावा, आणि तो मंजूर होईपर्यंत जुनीच रक्कम देय राहते. मनाने पैसे बंद करायची मुभा त्याला नाही.

भेटीबद्दल मात्र तुम्हालाही एक सांगते, राग मानू नका. पैसे देत नाही म्हणून मुलाला भेटू द्यायचं नाही, हे करू नका. भेटीचा आदेश असेल तर तो पाळा, बाप आला नाही तर तारीख-वेळ लिहून ठेवा. भेट मिळत नसेल तर त्याच्यासाठी वेगळा अर्ज आहे. पोटगी थांबवणं हा त्यावरचा उपाय नाही. दोन्ही गोष्टी मुलाच्याच हक्काच्या आहेत, आणि एक अडवून दुसरी मिळवताना ते पोरच मध्ये भरडलं जातं. न्यायाधीशही हे बारकाईने पाहतात.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत वकील मिळतो, त्यामुळे तुमचा वीस हजारांचा पगार आड येणार नाही. जाताना आदेशाची नक्कल, दहा महिन्यांचं बँक पासबुक, शाळेच्या पावत्या आणि त्याच्या नोकरीचा पत्ता सोबत घ्या, आणि पहिल्या थकलेल्या हप्त्याची तारीख त्यांना आधी सांगा.