समाजशास्त्र शिकणाऱ्या मुलीने जनुकशास्त्राकडे वळावे का?

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. बारावी विज्ञानानंतर आपली मुलगी हट्टाने समाजशास्त्राकडे गेली, आता एस.वाय.बी.ए.ला असताना ती 'जनुके आणि समाज' याच विषयात पुढे शिकायचे म्हणते, आणि दोन दगडांवर पाय ठेवणारी ही मुलगी कुठेच पोहोचणार नाही, अशी धास्ती आपल्याला वाटते. लाळ तपासून मुलांना कोणते क्षेत्र मानवेल ते सांगणाऱ्या चाचणीविषयीही आपण विचारले आहे.

आपली धास्ती मी समजू शकतो. पण हे दोन दगड आता एकमेकांच्या बरेच जवळ सरकले आहेत. मूल किती शिकेल हे घर, शाळा, जात आणि पैसा यांवर ठरते, असे समाजशास्त्र सांगत आले आहे. अडचण अशी की, आईवडील मुलाला घर देतात तशी जनुकेही देतात. त्यामुळे पुस्तकांनी भरलेल्या घरातले मूल पुढे गेले, तर त्यात कशाचा वाटा किती, हे नुसत्या प्रश्नावलीतून वेगळे काढता येत नव्हते. आइसलँडमधील संशोधकांनी २०१८ मध्ये यावर जी युक्ती योजली, ती मुलीकडून अवश्य समजून घ्या. प्रत्येक पालकाच्या जनुकसंचापैकी निम्माच भाग मुलाकडे येतो. उरलेला निम्मा भाग मुलाच्या शरीरात नसतोच. तरीही त्याचा माग मुलाच्या शिक्षणात दिसला, तर तो प्रामुख्याने पालकांनी घडवलेल्या घरातून आलेला असणार. तो दिसला, आणि मुलाकडे आलेल्या भागाच्या प्रभावाच्या सुमारे ३० टक्के भरला. जनुके मोजता मोजता संगोपनाचे वजन हाती आले, आणि मला या क्षेत्रातले सर्वांत मोलाचे काम हेच वाटते.

चाचणीवर मात्र एक रुपयाही खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिक्षणाशी निगडित जनुकांचा २०२२ मधील अभ्यास तीस लाख लोकांवर आधारलेला होता. त्यातून काढलेला गुणांक, म्हणजे अनेक जनुकांच्या छोट्या छोट्या प्रभावांची बेरीज, लोकांच्या शिक्षणातील फरकांपैकी १२ ते १६ टक्के फरकांचाच उलगडा करतो, तोही युरोपीय वंशाच्या समूहांत. तो समूहाविषयी बोलतो, एखाद्या मुलीच्या भवितव्याविषयी नव्हे, आणि आपल्याकडच्या लोकांना तो जसाच्या तसा लावताही येत नाही.

आपल्या मुलीसारख्यांची गरज नेमकी इथे आहे. भारतातील अनेक समूहांत जातीबाहेर विवाह होणे सुमारे ७० पिढ्यांपूर्वी थांबले, असे २०१६ मधील एका भारतीय संशोधनात आढळले, म्हणजे सामाजिक नियम अक्षरशः रक्तात नोंदला गेला आहे. 'जीनोम इंडिया' प्रकल्पाने १०,००० भारतीयांचे जनुकसंच वाचले आहेत. जात, सोयरीक आणि स्थलांतर जाणणारा माणूस सोबत नसेल, तर अशा माहितीचा अर्थ भलताच लावला जाण्याचा धोका राहतो. हा धोका जुनाच आहे. इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये कवट्यांची मापे घेतली तेव्हा वंशश्रेष्ठतेच्या समजुतीला आधार मिळत नाही, हे त्यांनी तिथेच मांडले होते.

प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ डाल्टन कॉन्ली यांनी प्रस्थापित झाल्यावर जीवशास्त्रात दुसरी पीएच.डी. केली. मुलीला इतके करावे लागेलच असे नाही. तिने बी.ए. सोडू नये, उरलेल्या काळात संख्याशास्त्र पक्के करावे आणि 'आर' ही संगणकीय भाषा शिकावी, कारण या क्षेत्रातले बहुतेक काम प्रयोगशाळेपेक्षा संगणकावर चालते. पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबईत देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा मानवशास्त्र विभाग, ही दोन नावे प्रथम पाहावीत.

तिने बारावीला गणित घेतले होते की केवळ जीवशास्त्र, हे पत्रात नाही. ते कळवावे, संख्याशास्त्राची सुरुवात कुठून करायची, हे त्यावरच ठरेल.