टायरही धड न भिजवणारी लाट

प्रश्न : सुट्टीत कोकणात गेलो होतो. भाऊजींनी गाडी ओहोटीच्या वेळी ओल्या, टणक वाळूवर लावली. एक लाट आली, टायरही धड भिजले नाहीत, पण गाडी बसली ती ट्रॅक्टर आणूनच निघाली. एवढ्याशा पाण्यानं असं कसं होतं?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : घाट उतरला की आपल्या कोल्हापूरकरांना गाडी थेट पाण्याला लावल्याशिवाय चैन पडत नाही! मी बरीच वर्षं सॉइल मेकॅनिक्स, म्हणजे माती भार कसा पेलते याचं शास्त्र, शिकवलं, तरी घरच्यांनाही आवरता आलं नाही.

भरती ओसरली की वाळूतल्या पाण्याची पातळी खाली जाते. पण बारीक वाळूत ते केशाकर्षणानं, म्हणजे वातीत तेल चढतं तसं, वीत-दीड वीत वर चढून राहतं. या पट्ट्यातल्या पाण्याचा दाब हवेपेक्षा कमी असतो, त्यामुळे कण एकमेकांकडे ओढले जातात. पातळी ३० सेंटिमीटर खाली असेल, तर पृष्ठभागाशी ही ओढ दर चौरस मीटरला सुमारे ३०० किलो भरते. ओल्या पट्ट्यावर पोरं क्रिकेट खेळतात ती या ओढीच्या जिवावर.

आता गंमत बघा. ही ओढ टिकते ती वरच्या कणांमधल्या, आत वळलेल्या पाण्याच्या इवल्या पृष्ठभागांमुळे. छिद्रं आधीच पाण्यानं भरलेली असतात, मुरायला जागाच नसते. लाटेचा चार-दोन मिलिमीटरचा थर पसरला की ते पृष्ठभाग नाहीसे होतात आणि ३०० किलोंची ओढ क्षणात शून्य! कागदावर बघाल तर पाण्याची पातळी एका दमात ३० सेंटिमीटर वर आली.

लाट परतताना वरचा भार लगेच उतरतो, खालचा दाब मात्र जरा रेंगाळतो, विशेषतः वाळूत हवेचे बुडबुडे अडकले असतील तर. मग पाणी वर ढकलू लागतं. हातभर वाळूच्या तळाशी हातभर पाण्याइतका जादा दाब साचला, तर कण जवळजवळ तरंगतात. एका लाटेनं सहसा एवढं होत नाही. उरलेलं काम भाऊजींच्या ॲक्सिलरेटरनं केलं असणार. चाक जागीच फिरलं की सैल वाळू हादरून दबते आणि छिद्रांतला दाब आणखी चढतो.

खात्री करायची तर बादलीत चाळलेली बारीक वाळू पाण्यानं भिजवा, तळाशी भोक पाडून थोडं पाणी काढा, वर वजन ठेवा आणि भांडंभर पाणी हलकेच ओतून वजन खचतं का बघा.

किनाऱ्यावर वाळूची चकाकी बघा. लाट गेल्यावर ती लगेच मंद झाली तर ओढ परत आली. चमकतच राहिली तर तिथे गाडी नेऊ नका, भाऊजी कितीही म्हणोत.