भावंडांचे आवाज इतके एकजीव का होतात?

प्रश्न : अमेरिकेतील मिसुरी राज्यात ब्रॅन्सन येथे असलेल्या ‘द पीटरसन्स’ या भावंडांच्या ब्लूग्रास (बॅन्जो, फिडल, मेंडोलिन अशा तंतुवाद्यांवर गायले जाणारे अमेरिकी लोकसंगीत) बँडची गाणी मी आणि माझ्या दोन्ही मुली आवडीने ऐकतो. या संगीतात भावंडांचेच बँड इतके का दिसतात आणि त्यांचे आवाज एकमेकांत मिसळतात ते रक्ताच्या नात्यामुळेच का, हे कृपया सांगावे.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पहिल्या भागाचे उत्तर त्या काळच्या परिस्थितीत आहे. १९३०च्या दशकात अमेरिकेच्या आग्नेयेकडील डोंगराळ खेड्यांत गाणे शिकण्याची ठिकाणे दोनच, घर आणि चर्च. रेडिओ केंद्रांचे काम दोन भाऊ, दोन वाद्ये आणि एक मायक्रोफोन एवढ्यावर भागत असे, तालमीसाठी कोणाला दुसऱ्या गावाहून बोलवावे लागत नसे आणि मिळालेली बिदागी घरातच राहत असे. त्यामुळे भावांच्या जोड्यांची त्या काळी रेलचेल होती.

अशाच एका जोडीच्या फारकतीतून ब्लूग्रास जन्माला आले, आणि ही हकिकत मला फार महत्त्वाची वाटते. केंटकी राज्यातील रोझीन गावी १९११ साली जन्मलेले बिल मन्रो हे आठ भावंडांतले शेंडेफळ. थोरल्या बर्चकडे फिडल (म्हणजे आपले व्हायोलिनच) आणि चार्लीकडे गिटार आधीच गेल्यामुळे बिलच्या वाट्याला मेंडोलिन आले. शिवाय त्याचा आवाज फार मोठा होऊ नये म्हणून आठांपैकी चारच तारा ठेवण्याची अट भावांनी घातली होती, असे सांगतात. पुढे चार्ली आणि बिल यांनी ‘मन्रो ब्रदर्स’ या नावाने १९३६ ते १९३८ या काळात साठ गाणी ध्वनिमुद्रित केली, पण दोघांचे पटेनासे झाले आणि १९३८मध्ये ते वेगळे झाले. बिल यांनी ‘ब्लू ग्रास बॉइज’ हा स्वतःचा बँड काढला, १९३९च्या ऑक्टोबरमध्ये तो नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात दाखल झाला आणि १९४५च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज यांचा तीन बोटांनी वाजणारा बॅन्जो त्यात आल्यावर आज ज्याला आपण ब्लूग्रास म्हणतो ते संगीत पूर्ण आकाराला आले. ज्या धाकट्याला घरात आवाज चढवू दिला जात नव्हता, त्याच्याच बँडचे नाव या साऱ्या संगीताला मिळाले.

आता आवाजांविषयी. आपल्याकडे दोघे गातात तेव्हा बहुधा एकच चाल गातात. ब्लूग्रासमध्ये एकाच शब्दावर दोन-तीन वेगवेगळे स्वर एकदम लागतात. अशा वेळी सूर जुळला तरी एकाचा ‘आ’ पसरट आणि दुसऱ्याचा गोलसर असेल, तर कानाला लगेच खटकते. एका घरात वाढलेल्या भावंडांचे स्वरोच्चार, शब्द सोडण्याची पद्धत आणि श्वास घेण्याच्या जागा न शिकवता सारख्या असतात. कंठाची ठेवणही बरीच मिळतीजुळती असते. नात्याचा खरा फायदा हा आहे.

मात्र नुसते रक्त पुरेसे नसते, आणि ते अनिवार्यही नाही. व्हर्जिनियाच्या कार्टर आणि राल्फ स्टॅनली या भावांनी १९४६पासून एकत्र गायन केले; १९६६मध्ये कार्टर यांचे निधन झाल्यावर राल्फ यांनी बँड चालू ठेवला आणि १९७०च्या सुमारास पूर्व केंटकीतील रिकी स्कॅग्ज व कीथ व्हिटली ही दोन किशोरवयीन मुले त्यात घेतली. या दोघांचे एकमेकांशी काही नाते नव्हते, परंतु स्टॅनली बंधूंची गाणी त्यांनी इतकी घोटली होती की ऐकणाऱ्याला त्या भावांचाच भास व्हावा. म्हणजे जे भावंडांना घरात आपोआप मिळते, ते परक्यांना मेहनतीने मिळवता येते.

आपल्या मुली गाणाऱ्या असतील, तर त्यांना ऑस्बोर्न ब्रदर्स आवर्जून ऐकवावेत. त्रिस्वरी गायनात मुख्य चाल सहसा मधल्या आवाजाकडे असते आणि एक आवाज तिच्या वर, एक खाली राहतो. बॉबी ऑस्बोर्न यांचा आवाज मुळातच उंच असल्यामुळे या बंधूंनी १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात मुख्य चालच सर्वांत वर नेली, तिच्या लगेच खाली धाकटे सनी राहिले आणि सर्वांत खालचा आवाज तिसऱ्या गायकाला दिला. हा तिसरा गायक पुढे अनेकदा बदलला, तरीही बँडची ओळख बदलली नाही, कारण वरचे दोन्ही आवाज भावांचेच होते.

त्यांचे १९६७ सालचे ‘रॉकी टॉप’ लावावे आणि ध्रुवपदात प्रत्येक मुलीला एकच आवाज धरून ऐकायला सांगावे. बॉबींचा आवाज पहिल्याच वेळी सापडेल. सनींचा त्याखाली इतका चिकटून आहे की तो सुटा ऐकू येण्यासाठी तीच ओळ बऱ्याचदा लावावी लागेल. तो सापडल्यावर मुलींनी आधी तोच स्वर गुणगुणून पाहावा आणि मगच दोघींनी मिळून गावे.