कार्डाची पाठ कोरी ठेवू नका

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, इथल्या लिटल लीगमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉल स्पर्धेत, खेळतो. फोटोवाल्याच्या पॅकेजमध्ये बेसबॉल कार्ड (पुढे खेळाडूचा फोटो, मागे त्याची माहिती असलेलं छोटं कार्ड) होतं, पण ते महाग, आणि मागची बाजू कोरीच. घरी प्रिंटरवर दोन्ही बाजू छापून पाहिल्या, तर कार्ड लिबलिबीत झालं आणि पुढचं-मागचं जुळेना. साताऱ्याला आजी-आजोबांनाही पाठवायचं आहे. काय करू?
— एक आई, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : ताई, घरीच करा. आज आपण ज्याला बेसबॉल कार्ड म्हणतो, त्याचा साचाही घरातच ठरला. अशी कार्डं काढणाऱ्या टॉप्स कंपनीच्या साय बर्गर यांनी वुडी गेलमन यांच्या साथीनं १९५२ चा संच ब्रुकलिनमध्ये स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, पुठ्ठा नि कात्री घेऊन जुळवला. पुढे रंगीत चित्र, खेळाडूची सही, संघाचं चिन्ह. मागे माहिती आणि आकडे. त्याच संचातलं नामवंत खेळाडू मिकी मँटल यांचं एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं.

माझी हयात पुण्यात छापखान्यात गेली, म्हणून आधी मापाचं सांगतो. कार्ड अडीच इंच रुंद, साडेतीन इंच उंच. १९५७ पासून टॉप्सनं हेच माप धरलं. एका ४ × ६ फोटोत अशी दोन शेजारी-शेजारी बसतात. तेव्हा दर्शनी बाजू घरी छापूच नका. दोन कार्डं मांडून औषधांच्या दुकानातल्या फोटो काउंटरवर प्रिंट काढा, रंग चांगले येतात. मात्र तिथली मशीन फोटो किंचित मोठा करून कडा कापते. पहिली एकच प्रत काढा, पट्टीनं मोजा, फरक दिसला तर फाइलमध्ये माप तेवढं कमी करा. पाठ घरच्या प्रिंटरवर जाड कार्ड-स्टॉकवर छापा. दोन्ही चिकटवले की जाडी आपोआप येते, लिबलिबीतपणा राहत नाही.

आता जुळवणं. छापलेल्या पाठीच्या चारही कोपऱ्यांवर टाचणीनं बारीक भोक पाडा आणि कागद उलटा करा. कोऱ्या बाजूला ती चार भोकं दिसतील. दर्शनी फोटो मापात कापून त्याचे कोपरे नेमके त्या भोकांवर टेकवा. आमच्या बाइंडिंग खात्यात हाच उपाय चालायचा. पातळ डिंक वापरू नका, कागद ओल धरतो आणि वाळताना वाकतो. ग्लू स्टिक किंवा दोन्हीकडून चिकटणारा शीट घ्या, मधून कडेकडे कापडानं दाबत न्या, रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवा. मग फोटोच्या कडेला स्टीलची पट्टी लावून बाहेरचा कार्ड-स्टॉक कापा. पट्टी कार्डावर ठेवायची, म्हणजे सुरी घसरली तरी रद्दीच कापली जाईल. पातं नवं हवं; एका जोरात कापू नका, हलक्या हातानं तीन-चारदा फिरवा. हे काम मुलाला देऊ नका. आणि कोपरे गोल करू नका. गोल कोपरे पत्त्यांना शोभतात, बेसबॉल कार्डाचे कोपरे टोकदारच हवेत.

फोटो सकाळी किंवा उन्हं कलल्यावर काढा. दुपारी टोपीच्या झापेची सावली पडून चेहराच काळा येतो. जाळीमागून काढत असाल तर फोन अगदी जाळीला टेकवा, लेन्स भोकातून बाहेर बघू दे. पण मला विचाराल तर धावपळीच्या फोटोपेक्षा बॅट खांद्यावर घेऊन समोर बघणारा पोरगा कधीही सरस.

खरी गोम पाठीत आहे. फोटो दहा ठिकाणी सापडतील, पण त्या वर्षी पोरानं काय केलं हे फक्त तिथेच राहतं. नाव, जर्सीचा नंबर, संघ, साल, बॅट डाव्या हाताची की उजव्या, फेक कुठल्या हाताची. मग आकडे. कोचची स्कोअरबुक मागा. बऱ्याच संघांचे आकडे गेमचेंजर अॅपवरही असतात. सरासरी म्हणजे हिट (चेंडू मारून बेस गाठणं) भागिले अॅट-बॅट (बॅटिंगच्या खेपा). त्यात वॉक, म्हणजे चार चुकीच्या चेंडूंवर फुकट मिळालेला बेस, धरायचे नाहीत : ३२ अॅट-बॅटमध्ये ९ हिट, म्हणजे .२८१. आकडे थोडे असले तरी खरेच छापा. मुलाला ते तोंडपाठ असतात, फुगवलेला आकडा त्याला लगेच कळेल. १९५० च्या दशकातल्या टॉप्स कार्डांच्या मागे छोटं व्यंगचित्र असायचं. तेवढा चौकोन मोकळा सोडा आणि चित्र त्यालाच काढू द्या. जन्मतारीख, शाळा, पत्ता मात्र नको. पोरं कार्डं एकमेकांत बदलतात.

साताऱ्याच्या प्रती वेगळ्या काढा, पाठ मराठीत. आजोबा क्रिकेटवाले असणार, त्यांना .२८१ बघून काळजी वाटेल. खाली एक ओळ घाला : दहा वेळा बॅटिंगला उभं राहून तीनदा हिट मारणाऱ्याला मोठ्या लीगमध्येही चांगला बॅटर मानतात. ‘स्टोलन बेस’समोर लिहा : चेंडू टाकला जात असताना पळून पुढचा बेस गाठला. एवढं वाचलं की आजोबा फोनवर पुढचं स्वतःच विचारतील.

प्रश्न : घरी केलेलं कार्ड लॅमिनेट करावं का?
— एक वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

उत्तर : नको. कडेला प्लास्टिकची पट्टी राहते आणि कार्ड ऑफिसच्या ओळखपत्रासारखं दिसतं. शिवाय आतली चूक पुन्हा सुधारता येत नाही. मुलाला बारीक टोकाच्या पर्मनंट मार्करनं सही करू द्या, शाई पूर्ण वाळू द्या, मग पेनी स्लीव्हमध्ये (पातळ प्लास्टिकच्या पाकिटात) घालून वर टॉपलोडर (कडक प्लास्टिकचं कव्हर) चढवा. बरीच कार्डं असतील तर नऊ खणांचं पान घ्या. पीव्हीसी प्लास्टिक नसलेलं बघून घ्या, पीव्हीसी कालांतरानं छपाईला चिकटतं. खिडकीच्या उन्हात मांडायचं असेल तर जास्तीची प्रत मांडा आणि मूळ कपाटात ठेवा.